आत्यांचा सदरा, माझा सनकोट आणि नोटा तपासायचा दिवा

हळदीचं_शिवार
९ मे, रात्री ९.४०

प्रश्न साधा आहे, पण त्यावरून आमच्या घरात चार दिवस खल चालू आहे, म्हणून इथे टाकते.

मी मिरज तालुक्यातली. रोज स्कूटीवरून सांगलीला नोकरीला, जाऊन-येऊन २८ किलोमीटर. गालांवर दोन वर्षांपासून वांग आलेत. डॉक्टरांनी मलम दिलं आणि बजावलं, ऊन चुकवलं नाहीत तर मलमाचा काही उपयोग नाही. मग स्कार्फ आला, हातमोजे आले आणि बाजारातून एक सनकोट आला. फिकट गुलाबी, हलका, वाऱ्यावर फुलणारा. लेबलवर ‘यूव्ही प्रोटेक्शन’ छापलंय, पण आकडा कुठेच नाही.

गेल्या रविवारी हळदीची लावण होती. मी ऐटीत सनकोट घालून बांधावर. सासूबाई (आम्ही आत्या म्हणतो) नेहमीच्या थाटात: लुगडं, त्यावर मामांचा जुना फुल हाताचा सदरा, डोक्याला फडकं. त्यांनी माझी बाही चिमटीत धरली, उन्हाकडे केली आणि म्हणाल्या, “आगं, ह्यातनं तर पल्याडची गाय दिसतीया. चाळण घालून ऊन गाळून घेतीस व्हय?”

सगळ्या बायका हसल्या. मीही हसले, पण डोक्यात किडा वळवळायला लागला. सनकोटाला साडेचारशे रुपये दिलेत. मामांच्या सदऱ्याला वीस वर्षं झाली. खरंच कुठलं कापड जास्त ऊन अडवतं? आणि हे घरच्या घरी ओळखायचं कसं?

——

खणभाग_ते_खंडोबा
९ मे, रात्री ९.५५

आत्यांना इथला आयडी काढून द्या. बाकी चर्चा नंतर.

——

विट्याचा_माग
९ मे, रात्री १०.३०

आमचा पिढीजात धंदा मागाचा, आता पॉवरलूम. आत्यांनी जे केलं तेच आम्ही गिऱ्हाइकासमोर करतो. कापड उजेडाकडे धरायचं. जिथून उजेड येतो तिथून ऊन येतं. सूत काही ऊन अडवतं, काही सोडतं. पण दोन धाग्यांमधली भोकं काहीच अडवत नाहीत, आणि सगळा खेळ त्या भोकांचा आहे.

एका इंचात ताण्याचे धागे किती आणि बाण्याचे, म्हणजे आमच्या भाषेत पीक, किती, यावर कापडाची वीण ठरते. भाव पाडून मागितला की पहिली कात्री पिकाला लागते. इंचामागे चार-सहा पीक कमी केली तरी हाताला पटकन कळत नाही, वर कांजी भरपूर दिली की कापड कडक, भरीव लागतं. दोन धुण्यांत कांजी गेली की जाळी उघडी पडते. तुमच्या सनकोटाचं असंच झालं असणार असा माझा संशय, न बघता बोलतोय.

चांगल्या सुती कापडाचं मात्र उलटं होतं. पहिल्या दोन-तीन धुण्यांत ते आटतं, धागे जवळ येतात आणि नव्यापेक्षा थोडं घट्ट होतं. म्हणून धुतलेला जाड सदरा नव्याकोऱ्या सदऱ्याला हार जात नाही. अर्थात विरला की संपलं. वीस वर्षांचा सदरा म्हणताय, तर खांद्यावर तो कसा आहे ते एकदा बघा. पाटी-पोती वाहून पहिल्यांदा तिथंच विरतं, आणि बारा वाजताचं ऊनही बरोबर खांद्यावरच येतं.

अजून एक. मांजरपाट आठवतोय का? न धुवट, पिवळसर. कच्च्या कापसात झाडाचीच काही द्रव्यं उरलेली असतात, ती अतिनील किरण शोषतात. ब्लीच करून पांढरंशुभ्र केलं की ती जातात. त्याच विणीचं, त्याच वजनाचं कापड, पण मांजरपाट जास्त राखतो. आजी-आजोबांना हे ठाऊक होतं असं मी म्हणणार नाही. त्यांना तो स्वस्त पडायचा, एवढंच.

——

सावली_मोजणारा
९ मे, रात्री ११.१५

माग यांच्या म्हणण्याला आकड्यांची जोड देतो.

क्रीमला जसा एसपीएफ असतो तसा कापडाला यूपीएफ. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने १९९६ साली त्याचं पहिलं मानक काढलं. यूपीएफ ५० म्हणजे पन्नासातला एक भाग आत, म्हणजे २ टक्के. साधा पांढरा सुती टी-शर्ट ५ ते ७ च्या आसपास असतो, म्हणजे १४ ते २० टक्के किरण सरळ अंगावर. तोच ओला झाला की ३ पर्यंत घसरतो. उलट जाड जीनच्या कापडाचा यूपीएफ हजाराच्या वर जातो. तिथे मोजण्यात अर्थच उरत नाही. लेबलवर आकडा नसेल तर ‘यूव्ही प्रोटेक्शन’ या शब्दांना ‘शुद्ध गावरान तूप’ या पाटीइतकीच किंमत द्यावी.

आणि एक गैरसमज. आपल्याला चटका लागतो तो उजेडाचा आणि अवरक्त किरणांचा. अतिनील किरण जाणवतच नाहीत. त्यामुळे ‘आज ऊन लागत नाही’ हे कातडीचं मत धरू नका, सावली बघा. सावली तुमच्यापेक्षा आखूड असेल तर अतिनील किरण जोरात आहेत. सध्या तर विचारूच नका. दोन दिवसांपूर्वी सांगलीत सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर होता, शून्य सावली. उद्या-परवा साताऱ्याचा नंबर. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा एकदा होतं, पण तेव्हा आभाळच दिसत नाही.

——

घाटातला_घाम
१० मे, सकाळी ६.२०

ओल्या कापडाचं वाचून दचकलो. मी साताऱ्याचा, यवतेश्वर घाटात पळतो. उन्हाळ्यात दर दोन किलोमीटरला टी-शर्टवर पाणी ओतून घ्यायचं हा आमच्या ग्रुपचा नियम. म्हणजे गेली पाच वर्षं मी स्वतःच्या हातानं चाळणीची भोकं मोठी करत होतो?

आणि एक सांगा. कासच्या पठारावर आमच्याकडे ढग, गार वारा, स्वेटर घालावा असं हवामान, तरी संध्याकाळी नाक आणि मान सोलून निघते. उंचीमुळे का?

——

सावली_मोजणारा
१० मे, सकाळी ८.०५

उंचीवर फार खापर फोडू नका. दर हजार मीटरला साधारण १० टक्के वाढ. सातारा शहर सातशेच्या पुढे, कास बाराशेच्या आसपास. म्हणजे फरक ५ टक्क्यांचा. खरं कारण असं की गार वाऱ्यात ऊन कळत नाही, म्हणून माणूस बारा ते तीन उघड्यावर बसून डबा खातो. पातळ ढगातून अतिनील किरणांचा बहुतेक भाग खाली येतो. शहरात त्याच वेळी तुम्ही झाडाखाली पळाला असता.

ओल्या कापडाचं कारण गमतीचं आहे. कोरड्या सुतात धागा आणि हवा यांच्या सीमेवर उजेड विखुरतो, उलटा फिरतो. हवेच्या जागी पाणी शिरलं की विखुरणं कमी, आरपार जाणं जास्त. पांढरा सदरा भिजला की आतलं अंग दिसतं ना, तेच. पाणी डोक्यावर आणि मानेवर ओता, किंवा गडद, घट्ट विणीचा घाला. उष्माघातापेक्षा काळवंडणं परवडलं, त्यामुळे पाणी ओतणं बंद मात्र करू नका.

——

पांढरपेशा
१० मे, सकाळी ९.३०

गडद? उन्हात काळं घालायचं? उन्हाळ्यात पांढरं घालावं हे शेंबडं पोरही सांगेल.

——

विट्याचा_माग
१० मे, सकाळी ९.५०

गरम होणं वेगळं आणि अतिनील अडणं वेगळं, साहेब. रंग म्हणजे काहीतरी शोषणारं द्रव्य. एकच पॉपलीन, निम्मं पांढरं ठेवलं आणि निम्मं गडद निळं रंगवलं, तर निळं जास्त अडवतं.

——

सावली_मोजणारा
१० मे, सकाळी १०.१०

गरम होण्याचंही वाटतं तेवढं सरळ नाही. वाळवंटातले बदाऊ लोक काळे झगे का घालतात हे १९८० साली शास्त्रज्ञांनी तपासलं. काळं कापड पांढऱ्यापेक्षा जास्त तापलं, पण कातडीपर्यंत पोचलेली उष्णता दोन्हींत सारखीच निघाली. झगा ढगळ, आत हवा खेळती, त्यामुळे कापडाचा ताप मधल्या मधे वाऱ्यावर जातो. अंगाला चिकटलेला काळा टी-शर्ट घालून हे करू नका. शिवाय ताणलेल्या कापडाची भोकंही वाढतात.

——

खणभाग_ते_खंडोबा
१० मे, दुपारी १२.४०

म्हणजे मामांचा सदरा आत्यांना दोन साईज मोठा आहे, हेही शास्त्रोक्त.

शिवारताई, तुमच्याकडे कृषी सेवा केंद्र आहे असं मागे इथल्याच एका चर्चेत म्हणाला होतात. गल्ल्याजवळ नोटा तपासायचा निळा दिवा असेलच. तो अतिनील दिवाच असतो. खाली नोट ठेवा, मधे कापड धरा. नोटेवरचा नंबर आणि कागदातले बारीक धागे चमकले तर कापड नापास.

——

हळदीचं_शिवार
११ मे, रात्री १०.०५

खणभाग, तुम्ही मस्करीत लिहिलं असेल, पण काल रात्री दुकान बंद झाल्यावर आम्ही खरंच बसलो. मी, हे, धाकटी नणंद, आणि गल्ल्यावर मांडी घालून आत्या. दिवे घालवले, पाचशेची नोट ठेवली आणि घरातलं एकेक कापड आणलं.

माझा सनकोट: नोट जवळजवळ जशीच्या तशी चमकली. आत्या काहीच बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं.

मामांचा सदरा, पाठ आणि बाही: नोट विझली. पण विटेकर म्हणाले तसं खांद्यावर धरला, तर तिथं धागे स्पष्ट चमकले. आत्यांनी खांदा पुन्हा पुन्हा तपासायला लावला. मग म्हणाल्या, “म्हंजी म्या बी चाळणच घालतीया, निम्मी.”

जीन पँट: काळोख. माझी कांजी केलेली कॉटनची साडी, एक पदर: थोडी चमक, दुहेरी घडी: जवळजवळ बंद. आजेसासऱ्यांची घोंगडी तर दिव्यावर टाकल्यावर दिवाच गुल झाल्यासारखा.

मग एक कोडं पडलं. ह्यांचा पांढराशुभ्र शर्ट दिव्याखाली स्वतःच निळसर पेटला, पण त्याच्याखालची नोट मंद. आणि नणंदेची पातळ पॉलिस्टरची ओढणी साफ नापास, जेव्हा की मी कुठेतरी वाचलं होतं की पॉलिस्टर सुतापेक्षा चांगलं. कोण खोटं बोलतंय, दिवा की मी?

——

ताणाबाणा_वर्ग
११ मे, रात्री ११.२०

वाचनमात्र होतो, पण आता राहवेना. वस्त्रनिर्मिती शिकवतो, आता निवृत्त.

प्रयोग सुंदर. दिवा खोटा नाही, अर्धवट आहे. अतिनील किरणांत दोन जाती आपल्यापर्यंत पोचतात. ए म्हणजे ३१५ ते ४०० नॅनोमीटर, बी म्हणजे २८० ते ३१५. नोटांचा दिवा साधारण ३६५ चा, म्हणजे निव्वळ ए. पॉलिस्टरच्या रेणूत बेंझिनची कडी असते, ती बी झकास शोषते, पण ए बराचसा सोडते. त्यामुळे ओढणी तुमच्या दिव्यासमोर नापास झाली; बी च्या परीक्षेत ती बऱ्यापैकी मार्क घेईल. कातडी भाजण्याचं काम मुख्यतः बी चं, खोलवर जाऊन सुरकुत्या आणि काळवंडण्याचं काम ए चं. दोन्ही अडवायचे तर वीण घट्टच हवी, सूत कुठलंही असो.

शर्टाचं कोडं: साबणाच्या पावडरीत आणि रानीपालसारख्या द्रव्यात चमक आणणारी रसायनं असतात. ती अतिनील किरण शोषतात आणि निळसर उजेड बाहेर टाकतात. डोळ्याला ते ‘जास्त पांढरं’ वाटतं. म्हणजे शर्ट पेटला याचा अर्थ त्याने किरण खाल्ले. जुन्या निळीचं तसं नाही, ती नुसता निळा रंग चढवून पिवळेपणा झाकते. ब्लीचने कापसातलं नैसर्गिक संरक्षण काढायचं आणि धुलाईच्या पावडरीतून वेगळं परत घालायचं, असा आपला कारभार.

घोंगडीबद्दल नवल नाही. लोकर दोन्ही जाती शोषते, त्यात माणदेशी घोंगडी काळी आणि दाट.

——

माणदेशी_पोर
१२ मे, सकाळी ७.१५

दहिवडीकडचा हाय. आमचा आज्जा ऐन वैशाखात मेंढरामागं घोंगडी खांद्यावर टाकून हिंडायचा. लोक म्हनायचे येडा हाय. आता छापील पुरावा घिऊन थडग्याव ठिवतो.

——

उजवा_हात
१२ मे, सकाळी ९.००

मी टुरिस्ट गाडी चालवतो, सातारा-मुंबई. काच बंद, एसी चालू, ऊन लागायचा प्रश्न नाही. तरी उजवा हात डाव्यापेक्षा दोन छटा काळा. बायको म्हणते, दोन माणसांचे हात जोडलेत. हे कसं?

——

ताणाबाणा_वर्ग
१२ मे, सकाळी ९.४०

साधी काच बी अडवते, ए सोडते. समोरची काच दोन थरांची, मधे प्लास्टिकचा पडदा असलेली, ती ए सुद्धा जवळजवळ सगळा अडवते. दारांच्या काचा बहुधा साध्या. म्हणून खिडकीकडचाच हात. फुल बाहीचा, घट्ट विणीचा शर्ट, बाही दुमडायची नाही. उपाय एवढाच.

——

पांढरपेशा
१२ मे, सकाळी १०.१५

सगळ्यांनी अंग झाकून घेतलं तर ड जीवनसत्त्व कोण देणार? निम्म्या गावाला त्याच्या गोळ्या चालू आहेत.

——

सरी_वरंबा
१२ मे, सकाळी ११.३०

हा प्रश्न मला रोज येतो, म्हणून उत्तर देते. त्वचेची डॉक्टर आहे, पण इथे कुणाचं निदान करणार नाही.

ड जीवनसत्त्व बी किरणांनी तयार होतं. शेतात आणि रस्त्यावर काम करणाऱ्याचा चेहरा, हाताचे पंजे कुठेतरी उघडे असतातच. ज्यांचं सगळंच झाकलेलं किंवा जे दिवसभर घरात-ऑफिसात असतात, त्यांनी रक्त तपासून आपल्या डॉक्टरांशी बोलावं. काचेआड बसून मात्र काही मिळत नाही. वरच्या गाडीवाल्या दादांना दोन्हीकडून तोटा: रंग जातो, ड येत नाही.

शिवारताई, वांगांबद्दल. त्यात अतिनीलबरोबर दिसणारा उजेडही भर घालतो. म्हणून स्कार्फ गडद आणि दुहेरी बांधा. पण स्कार्फ डोळ्याखालचं हाड उघडंच ठेवतो, आणि वांग नेमके तिथे असतात. तिथे क्रीम लागणारच, जमल्यास रंगछटा असलेलं. क्रीमची गोम अशी की एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावतात. आपण त्याच्या निम्मंही लावत नाही, आणि दोन तासांनी पुन्हा लावायचं तर विसरतोच. सदरा मात्र एकदा चढवला की विसरला तरी चालतो. म्हणून कापड जिथे पोचतं तिथे कापड, उरलं तिथे क्रीम.

आपल्या कातडीत रंगद्रव्य भरपूर, त्यामुळे गोऱ्या देशांइतका त्वचेच्या कर्करोगाचा धोका इथे नाही. बागुलबुवा उभा करू नये. पण उन्हाने चेहऱ्या-हातावर उठणारं पुरळ, वांग, डोळ्यातला मोतीबिंदू हे आहेच. काही औषधांनीही कातडी उन्हाला हळवी होते, डॉक्सीसायक्लिन त्यातलं एक. आणि शेतकऱ्यांसाठी खास: गाजरगवत. त्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांचा चेहरा, मान, कोपराचे खळगे आधीच चिडलेले असतात, ऊन लागलं की आणखी पेटतात. फुल बाहीने दोन्ही अडतं, पण तोच सदरा न धुता दुसऱ्या दिवशी चढवू नका. गवताचा भुगा त्यात बसलेला असतो.

——

दुरंगी
१२ मे, रात्री ८.५०

नाव मुद्दाम घेतलंय. मला कोड आहे, दोन्ही हातांवर आणि मानेला. पलूसकडे ऊस आहे आमचा. पांढऱ्या डागांत रंगद्रव्य नसतं, तिथं अर्ध्या तासात लाल होऊन चुरचुरतं. बाकीच्यांना ‘काळं पडू नये’ म्हणून झाकायचं असतं, माझं तसं नाही.

आधी जीनचा शर्ट घालायचो, मेमध्ये त्यात उकडून निघालो. टॉवेल मानेला गुंडाळायचो, पण टॉवेल कामात सरकतो. आता गडद निळं पॉपलीन आणून शिवून घेतो. ढगळ, कॉलर उंच, बाही पंजाच्या मध्यापर्यंत, बगलेत हवेला फट. उसाचा पाला कापत नाही हा वरचा फायदा. छत्री धरून बघितली, पण आभाळातून चहूबाजूंनी येणारं ती अडवत नाही, आणि छत्री धरून पाणी पाजता येत नाही.

लोकांनी विचारलं तर पूर्वी सांगायचो, पाल्यामुळं घालतो. आता नाही सांगत तसं.

——

हळदीचं_शिवार
१२ मे, रात्री ९.३०

दुरंगीदादा, शिलाईचं माप टाकाल का? बगलेच्या फटीचं नीट कळलं नाही.

——

दुरंगी
१२ मे, रात्री ९.५५

बगलेखाली चार बोटं शिवण उघडी ठेवायची आणि आतून त्याच कापडाची सैल झालर लावायची. हवा जाते, ऊन नाही. शिंपी पहिल्यांदा म्हणेल, विसरून राहिलं वाटतं. त्याला बजावून सांगा.

——

हळदीचं_शिवार
१९ मे, रात्री १०.१०

अपडेट. सव्वादोन मीटर गडद निळं पॉपलीन. कापडाच्या दुकानात मी ठाण उजेडाकडे धरून बघत होते, दुकानदार म्हणाला, “ताई, फाटलेलं नाही हो.” चौथ्या ठाणाला पास केलं. घरी दिव्याखाली नोट विझली. मगच शिंप्याकडे.

सनकोट फेकला नाही. संध्याकाळी पाचनंतर घरी येताना धुळीसाठी चालतो.

मामांच्या सदऱ्याच्या खांद्यांना आत्यांनी जुन्या जीनची ठिगळं लावलीत, आतून. आणि माझं नवीन बघून त्यांनीही एक शिवायला टाकलाय. शिंप्याला निरोप असा: झालर नको, मला वारं लागतंय. खिसं दोन ठेव, एक मोठा, चंची बसंल असा.

——

घाटातला_घाम
१९ मे, रात्री १०.२५

शिलाई किती पडली?

——

हळदीचं_शिवार
१९ मे, रात्री १०.४०

माझ्या सदऱ्याची अडीचशे. आत्यांनी दोनशेत मिटवली, वर उरलेल्या चिंध्यांत पिशवी शिवून घेतली.